दरवाज्यावरचा माणूस

सातवा खंड चार महिने कपाटावर आहे.
लायब्ररीचा दंड एव्हाना
पुस्तकाच्या किमतीजवळ गेला असेल.
काउंटरवरच्या मगदूम बाई रस्त्यात दिसल्या
की मी रंकाळ्याकडे बघते,
तिथून रंकाळा दिसत नसला तरी.

आणि आता सिरीयल आली.
रणधीर म्हणतो, "आत्ती, आठ भाग हायत,
एका रात्रीत उडवू.
पुस्तक काय कुठं पळून जातंय?"
त्यानं एकही खंड वाचलेला नाही.
पहिल्या पानावरचा नकाशा तेवढा
फोनमध्ये काढून घेतलाय.
"आधी बघायचं, मग वाचायचं, म्हणजे नावं डोक्यात बसतात.
तुझं उलटं. आधी वाचणार,
मग बघताना शेजारच्याला सांगत बसणार,
हे असं नव्हतंच."

खरं आहे. तशी खोड आहे मला.
पण कारण ते नाही.

त्या राज्यात मी काय काय नेऊन ठेवलंय,
कसं सांगू?
ढगातल्या किल्ल्याच्या जागी पन्हाळा,
पायऱ्या थोड्या वाढवून.
सर्पांचं तळं म्हणजे कोटीतीर्थ.
राणीला आमच्या भूगोलाच्या बाईंची मान.
सेनापती अंगावर आखाड्याची तांबडी माती घेऊनच
घोड्यावर बसतो,
आणि लढाईला निघण्याआधी
गंगावेशीत उभ्याउभ्या धारोष्ण दूध पितो.
लेखकानं हे लिहिलेलं नाही.
मला दिसतं.

आणि मिठाच्या दरवाज्यावरचा तो माणूस,
येणाऱ्या-जाणाऱ्याला मोजणारा.
पुस्तकात त्याचं वर्णन तीन शब्दांचं:
म्हातारा, रुंद हातांचा.
तिथं मी बाबांना उभं केलं.

मार्केट यार्डात तोलाई करायचे,
तीस वर्षं, गुळाचे रवे काट्यावर.
मोजताना 'एक' कधी म्हणाले नाहीत.
लाभ, दोन, तीन.
फोटो दोनच. एकात डोळे मिटलेले,
दुसऱ्यात लग्नाच्या गर्दीत अर्धा कान.
रणधीर तेव्हा पाळण्यात होता,
त्याला तेवढंही नाही.
सहा खंड मात्र ते रोज ड्युटीवर होते.
राक्षसांची फौज आली,
तरी पहिल्या राक्षसाला 'लाभ' म्हणूनच आत सोडलं.

सातव्यात दरवाजा पडणार,
अशी कुणकुण सहाव्याच्या शेवटी लागली.
म्हणून कपाटावर.

आता तिथं कुणी नट,
डिंकानं दाढी चिकटवून उभा राहिला
तर बाबांनी कुठं जायचं?

शनिवारी रणधीर कटवडा बांधून घेऊन आला.
उशीवर लॅपटॉप.
म्हटलं, "बघते. फक्त मिठाचा दरवाजा आला की सांग,
मी चहा ठेवायला आत जाते."
"का? तिथं काय?"
"तिथं तो म्हातारा असतो."
"कसला म्हातारा? बाई हाय तिथं.
एक डोळा नाही, खांद्यावर कावळा.
नाद खुळा काम केलंय बघ!"

मी हसले, इतकी
की पोरगं घाबरलं,
कट चादरीवर सांडला.
बाई! ठेवा की बाई.
पन्नास ठेवा, कावळ्यांसकट.

आठही भाग पाहिले.
राणीची मान गेली. भूगोलाच्या बाई
आता आठवायला गेलं की त्या नटीसारख्या दिसतात,
त्याचं वाईट वाटतं.
पन्हाळा कसाबसा टिकला.
सेनापतीला कुणी दूध दिलं नाही.
आणि मी तीनदा म्हणालेच,
हे असं नव्हतं.

पहाटे रणधीर घोरत असताना
सातवा खंड खाली काढला.
दरवाजा पडतो की राहतो, त्याला विचारून उपयोग नाही,
सिरीयल अजून पहिल्याच खंडात आहे.
पुढचं मलाच जाऊन बघायला हवं.

'लाभ' म्हटलं आणि पान उलटलं.
बोटाला कट लागलेला होता,
कोपऱ्यावर तांबडा ठसा उमटला.
मगदूम बाई त्याचेही पैसे लावतील.